पाव स्टॉप

घणसोली गावात, भोईरांच्या पोटमाळ्यावर,
माझ्या नऊ इंची घड्याळजीनं
काल दिवसभरात एक चाक उचलून बसवलं.
चौतीस फ्रेम. तीन सेकंदांना दोन कमी.

चालवून पाहिलं तर
चेहरा उजळतो, मावळतो, उजळतो,
त्याच्या टेबलाखाली कुणी वेल्डिंग करत असल्यासारखा.

पहिला आळ कॅमेऱ्यावर.
किती उजेड हवा ते तो आपल्या मनानं ठरवत होता,
माझा हात चौकटीला घासून गेला की वेगळं, नाही गेला की वेगळं.
त्याचं सगळं शहाणपण काढून घेतलं:
शटर अर्धा सेकंद, आयएसओ शंभर,
पांढरं कशाला म्हणायचं तेही मीच सांगितलं.
निवळला थोडा. गेला नाही.

मग भिंग.
दर टिचकीला त्याच्या पाकळ्या मिटायच्या
आणि दर वेळी केसभर वेगळ्या,
बँकेत परत आलेल्या सहीसारख्या.
नौपाड्यात जिन्याखालच्या दुकानात तारकसांनी
हातानं फिरवायचं जुनं भिंग काढून दिलं.
"कडेला बुरशी आहे," म्हणाले, "पण जिथं ठेवाल तिथं राहील."

तरी उरलंच.
वही घातली.
फ्रेम ११ ला खालचा पंप.
१९ ते २१ तिसऱ्या खोलीतला मिक्सर, बहुतेक खोबरं.
२७ ला समोरच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर कुणीतरी काच सरकवली
आणि ऊन इथवर फेकलं.
स्टॅबिलायझर आणला. खिडकीला काळा कागद, कागदावर दुसरा काळा कागद.
फ्रेम ३३ सापडायला दोन दिवस लागले.
ती मी होते. माझा पांढरा कुडता.

काळा घातला. जमिनीवर खडूनं दोन पावलं काढली,
टिचकीच्या वेळी तिथंच उभं राहायचं.

आणि सहाव्या दिवशी चांगुणाबाय दार उघडून आत.
"दार, बाय, दार!"
तिनं लावलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली,
लुगडं पिकल्या लिंबाच्या सालीचं.
"आज कवरा झाला गो?"
अडीच सेकंद.
"येवऱ्यान मी टोपलीभर निवट्या साफ केल्या आस्त्या."

टिचकी तेवढ्यात पडून गेली होती.
खोडायला म्हणून ती फ्रेम उघडली.
भुवईखालचा जो खड्डा
थर्मोकोल लावून, फॉइल लावून, हातआरसा लावून भरला नव्हता,
त्यात डोळा होता.
घड्याळजीला दिसत होतं.

हलायचं नाही, म्हटलं.
कुठवर?
दोनशे चाळीस फ्रेम.
"म्हंजी कवरा?"
वीस सेकंद. म्हणजे आठवडाभर.
इतकी हसली की पुढची फ्रेम खरंच गेली.

पण आली. रोज, जेवणं आवरून.
खुर्चीच्या चार पायांना चार खुणा.
मी "हं" म्हणायचे, ती श्वास धरायची, मीही.
टिचकी. मग दोघींचा सुटायचा
आणि तिची गोष्ट पुढच्या "हं"पर्यंत सरकायची:
जमिनीच्या पैशांचं पहिलं घड्याळ
नवऱ्यानं होडीतून वाकताना खाडीत घालवलं,
तेव्हापासून तिथले खेकडे वेळेवर जेवतात.
घड्याळजी ऐकायचा की नाही कोण जाणे,
त्याची मान त्या दिवसांत बरी वळली.

फ्रेम १७१ नंतर म्हणाली, उद्या नाही, तळोज्याला लेकीकडं.
सकाळी खुर्चीवर लुगडं. घडी करून,
वर एक पिन, सुटलं तर लावायला.

खुर्चीला नेसवलं. दिवे अर्धा तास तापू दिले.
दिवा तोच, खुणा त्याच, लुगडं तेच.
मीटर म्हणतो, पाव स्टॉप कमी.
पुन्हा मोजलं. पाव.
मीटर कारण सांगत नाही,
आणि दिवे असे फार वेळ ठेवता येत नाहीत, मेण मऊ पडतं.

लुगड्यात उशी कोंबली.
खुर्ची खुणांवरून चार बोटं पुढं ओढली.
जुळलं.

फ्रेम १७२.
खडूच्या पावलांवर उभी राहिले
आणि सवयीनं म्हटलं,
हं.