नाशिक, मार्गे धुळे

एकतीस वर्षं मलकापूर डेपोत मी हे नाव रंगवलं.
पिवळ्या पत्र्यावर काळं.
पाटीमागे आधी अडीच रुपये, शेवटी शेवटी बारा.
'शि'ची वेलांटी वळवताना श्वास धरायचा,
'क'चा पाय काठाला लागू द्यायचा नाही.
पाटी वाळली की गाडी निघून जायची.
मी तिच्यात कधी बसलो नाही.

मग विजेची अक्षरं आली. लाल, पळणारी.

यंदा पेंटर लोकांचं अधिवेशन नाशकात.
कचरू निरभवणेचं कार्ड आलं,
दोन्ही बाजू भरून, समास न सोडता:

"सुपडाभाऊ, रात्रीची गाडी धरा,
लॉजची एक रात्र वाचते.
रेल्वेने आलात तर जनरल स्वस्त,
पण नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हे,
स्टेशनच्या पाटीवर भुलू नका, गाव तीन कोस पुढे आहे.
गेटापाशी जो 'चला साहेब' म्हणेल त्याला सोडा.
दहा पावलांवर एक जण गप्प उभा असेल,
त्याच्या शेअर रिक्षात चौथे व्हा.
दिवसभर फिरायचं तर सिटी बसचा पास काढा.
पंचवटीत धर्मशाळा सांगून ठेवलीय. गादी आहे, उशी आणा.
सभागृह शालिमारजवळ. होळकर पुलावरून पायी या,
नदी बघायला पैसे पडत नाहीत.
चहा आपल्याकडे. मिसळ ज्याची त्याने.
ता. क. पासष्ट झाली असतील तर आधार आणा, एसटी अर्ध्यात."

पासष्ट गेल्या पोळ्यालाच झाली.
हिशेब केला. रेल्वेच स्वस्त पडत होती.
तरी एसटीत बसलो,
बायकोला सांगितलं, आरक्षण मिळालं नाही.

'मार्गे' मी नेहमी बारीक ब्रशने लिहायचो,
जागाच उरायची नाही. भुसावळ, जळगाव, धुळे,
मुंगीएवढी.
रात्री दोनला धुळ्याच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली.
अंडाभुर्जीचा धूर, पोतं पांघरून बसलेला हमाल,
एक बाई झोपलेल्या पोराचे बूट शोधत होती.
खाली उतरून मी त्या गावाची मनातल्या मनात
थोडी माफी मागितली.

अधिवेशनात काय झालं ते विचारू नका.
ठराव पाच, फ्लेक्सच्या निषेधाचे तीन,
आणि मंचामागे अधिवेशनाचं नाव
फ्लेक्सवरच छापलेलं.
कचरू म्हणाला, वेळ नव्हता रे.

शेवटच्या संध्याकाळी शालिमारला आम्ही बावीस जण
एकाच सिटी बसमध्ये शिरलो, डब्यांसकट.
समोरची विजेची पाटी मेलेली.
प्रत्येक थांब्यावर लोक पायरीवर एक पाय ठेवून विचारत,
"कुठे जाते हो ही?"
द्वारका येईपर्यंत कंडक्टरचा घसा बसला.
तेव्हा मागून कुणीतरी द्राक्षांचं रिकामं खोकं फाडून पुढे सरकवलं.

भांडण लागलं, साहजिक.
संगमनेरवाला म्हणे, ठळक हवं.
वणीचा म्हणे, आधी पांढरा हात मार.
निरभवणे उठला, "सुपड्याला द्या.
हे नाव त्याच्या हातातलं आहे."

बस हालत होती. दोघांनी मला कमरेला धरलं.
'ना' झाला. 'शि'ला श्वास धरला, वेलांटी वळली.
'क'चा पाय काठापासून बोटभर वर.
मान वर करून बघतो,
तर जागा संपलेली,
आणि 'रोड' राहिलेला.

एकतीस वर्षांत हा 'रोड' मला कधी लिहावा लागला नव्हता.
कोपऱ्यात बसवला कसाबसा,
धुळ्याएवढा.

ड्रायव्हरने खोकं काचेला टेकवलं.
पुढच्या थांब्यावर कुणी काही विचारलं नाही,
सरळ चढले.
कंडक्टर माझ्याकडे आला, पाटीकडे बघून हसला,
आणि हात पुढे केला,
"पास?"
पास कालचा होता.
फाडलं त्याने तिकीट. पूर्ण.