दिवस एकशे तेरावा

हॅरिसबर्गला कॅपिटॉलच्या हिरव्या घुमटाखाली
रात्री दोनपर्यंत दिवे जळतात.
त्या विजेचं बिल वेळेवर भरलं जातं, मी चौकशी केली.

मी नदीपलीकडे, लमॉइनच्या एका तळघरात
म्हाताऱ्यांच्या डब्यांचा हिशेब ठेवते.
जुलैपासून 'येणे'च्या रकान्यात
रोज तोच आकडा लिहिते, पेन्सिलीनं.
आधी पेनानं लिहायचे.

आज दूधवाल्यानं उधारी बंद केली.
डेलरॉयनं व्हॅनमध्ये पदरचं पेट्रोल भरलं,
पावती मागितली तर हसला,
कुठल्या खात्यात टाकशील?

टीव्हीवर सिनेटर ब्रुबेकर:
एक सेंट जास्त नाही.
मग टिपटनबाई:
एक सेंट कमी नाही.
पहिले पाढे पंचावन्न.
मी आवाज बंद करते.
नुसते हात दिसतात, उगारलेले, कापणारे,
कोणते कुठल्या पक्षाचे, सांगता येत नाही.

दुपारी अर्लीन हॉफमास्टरला फोन केला.
वय एक्क्याण्णव, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
म्हटलं, पुढच्या सोमवारपासून तीनच डबे.
ती थोडा वेळ गप्प.
मागे तिचं घड्याळ ऐकू येत होतं.
मग म्हणाली, बरं, सोमवारचा अर्धा मी मंगळवारी खाईन,
आणि शुक्रवारचं सूप रविवारपर्यंत पुरेल, पाणी घालून.
एवढ्यात झालं तिचं अंदाजपत्रक मंजूर.
ना उपसूचना, ना सभात्याग.

सप्टेंबरात मी अर्ज घेऊन तिकडे गेले होते.
संगमरवरी जिन्याशी ते दोघंही दिसले, कॅमेरे नव्हते.
ती धावत येत होती, फायली सावरत,
त्यानं लिफ्टचं दार पायानं अडवून धरलं.
तिच्या मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, विचारलं.
दार बंद होईस्तोवर ऐकलं मी.
म्हणजे येतं त्यांना.

आमच्या भाषेत याला तडजोड म्हणतात.
आधी तडा, मग जोड,
असं आपलं मी लावते, व्युत्पत्ती खरी-खोटी देव जाणे.
पण जोडलेलं भांडं पाणी धरतं
आणि भिजत पडलेलं घोंगडं
कुणाच्याच अंगावर घालता येत नाही,
ना त्यांच्या, ना ह्यांच्या,
ना अर्लीनच्या. तिच्याकडे हीटर एकाच खोलीत आहे.

फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं,
रिकामे डबे धुऊन ठेवलेत, झाकणांसकट.
परत हवेत, की आता नकोत?

हवेत, म्हटलं.
लागतील.