नमुन्यांची पेटी

विश्रामबागेतून निघाले तेव्हा स्कूटीवर पायांशी पेटी,
वीत-वीतभर अठरा फळ्या,
पाठीवर कोड नंबर आणि नावं:
रॉयल ओक, हनी टीक, स्मोक्ड वॉलनट.
मिरजेत पोचेपर्यंत नडगी सोलली.

आमच्याकडं पहिला प्रश्न रंगाचा नसतो.
पाणी किती चढलं होतं, हा असतो.
लॅमिनेट एकदा भिजलं की पाव होतो त्याचा.
दस्तगीरचाचा म्हणाले, खोली माडीवर आहे,
खालच्या पायरीपर्यंत आलं आणि गेलं.
भोपळे तेवढे वर नेले होते आम्ही.

भोपळे अजून वरच होते,
आढ्याला टांगलेले, तंबोरे व्हायचे बाकी.
त्यांच्याखाली बसून मी पाठ केलेलं म्हणाले:
आठ मिलिमीटर, बारा मिलिमीटर,
एसी थ्री घराला, एसी फोर दुकानाला,
चकचकीत नको, भोपळा घसरेल
(हे मात्र तिथंच सुचलं).

चाचांनी कोड वाचलाच नाही.
फळी कानाशी धरली, पेरानं वाजवली.
आठची बद्द.
बाराची जरा खोल.
खाली फोम घालून पाहिली, मुकी.
"हिला सर्दी झालीय."

मग विचारलं, झाड कुठलं?
झाड नाही चाचा, फोटो आहे.
आत दाबलेला भुसा, वर ओकचा कागद, त्यावर कडक थर.
तुणीचं लाकूड वर्षानुवर्षं वाळवणारा माणूस
त्या फोटोवर अंगठा फिरवत राहिला.
गेली ऑर्डर, मी मनात म्हटलं.

कॅटलॉगात त्यांना एक गाठ दिसली.
तीच गाठ पाचव्या फळीत. नवव्या.
"अगं, सम आली की!"
असे हसले की आतून जैबूनचाची
हातात गाळणं घेऊनच बाहेर.

मी नियम सांगितले.
खोकी दोन दिवस खोलीतच आडवी ठेवायची,
हवा ओळखू द्यायची.
भिंतीपासून दहा मिलिमीटर सोडायचे,
पावसाळ्यात अंग पसरायला.
चाचा पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत म्हणाले,
"हे कुणी शिकवलं तुला?"
कंपनीच्या पुस्तकानं, म्हटलं.
कुपवाडच्या डॉक्टरांची फरशी सांगितली नाही,
माझं पहिलं काम, भिंतीला घट्ट भिडवलेलं,
ऑगस्टात मधोमध उठलं,
आळस देणाऱ्या मांजरासारखं.
तीन पगारांतून कापले.

ठरलं: बारा मिलिमीटर, मॅट, फिकट ओक.
फक्त खिडकीजवळची चार बाय चार
जुनी शहाबादीच राहू दे, म्हणाले.
तिथं मी जवारी काढतो.
खालून भलतं ऐकू आलेलं चालत नाही.
म्हणजे चारी बाजूंनी कटिंग, पट्टी, वेगळी मजुरी.
फिटर बाळू आठवडाभर माझ्या नावानं बोटं मोडत होता.

उरलेले पैसे घ्यायला गेले तर
दार फरशीला घासत होतं.
घासणारच. बारा अधिक तीन, सांगायचं राहिलं माझं.
सुतार पाठवते म्हटलं, माफी मागत.

चाचांनी दार आधीच उतरवून
दोन स्टुलांवर आडवं ठेवलं होतं.
खालच्या कडेवर कानस चालू,
जरा घासायचं, थांबायचं,
पेरानं टकटक करायचं.
"सागवान आहे," मान न उचलता म्हणाले,
"पैसे डब्यात आहेत. मोजून घे."