एकसष्ट टक्के

बारा रियालचा कॉम्प्युटर.
सोहारच्या कंपनीनं भंगारात काढला,
मी डोक्यावरून आणला
फलजच्या कॅम्पात, खोली नंबर चौदा.
वर्गीसच्या पलंगाखाली
लोणच्याच्या बरण्या सरकवून जागा मिळाली.

पहिल्या रात्री एकसष्टवर थांबला.
निळी पट्टी, गोल फिरणारे ठिपके,
मग ठिपकेही फिरेनात.
माऊसचा बाण मेलेल्या माशीसारखा काचेला चिकटलेला.
बाहेर रात्री अकराला एक्केचाळीस डिग्री,
नि अख्ख्या कॅम्पात ही एकच वस्तू गोठलेली.

दुसऱ्या रात्री पेन ड्राइव्ह बदलला.
तिसऱ्या रात्री रॅमच्या पट्ट्या काढून
खोडरबरानं त्यांचे सोनेरी दात घासले,
एकच ठेवली, मग दुसरीच ठेवली,
या खाचेतली त्या खाचेत.
बायोस म्हणत होतं, आज एक जानेवारी दोन हजार नऊ.
बटणाएवढा सेल केव्हाच मेला होता.
घड्याळवाल्या बलुचीनं दोनशे बैसात नवा दिला.
तारीख सुधारली.
एकोणचाळीसवर थांबला.

तुंगेकर म्हणाला, सोड रे, सूकमध्ये विकून टाक.
टेकबहादूर म्हणाला, उदबत्ती लाव.
राजय्या काही म्हणाला नाही.
गेल्या महिन्यात त्याचे ओव्हरटाइमचे अकरा तास
पगारपत्रकातून गळाले होते.
त्यासाठीच तर हा खटाटोप,
प्रत्येकाचे तास, तारीखवार, आमच्याकडेही.
वहीतलं अक्षर बघून सुपरवायझर हसतो.
छापील कागदाला हसता येत नाही
असा आपला माझा अंदाज.

सहाव्या रात्री मी काहीच केलं नाही.
फरशीवर बसलो, डोळे मिटून.
बाबा इचलकरंजीत जॉबर होते.
बेचाळीस मागांच्या खडखडाटात, तोंडात तंबाखू,
पाठमोरे उभे राहून सांगायचे,
"सतरा नंबर. धोटा अडकणार."
अडकायचाच.
म्हणायचे, माग थांबला की मागाकडेच काय बघतोस,
शेजारी काय चाललंय ते ऐक.

ऐकलं.
डिस्कची कुरकुर. टेकबहादूरचं घोरणं.
नळाखालच्या बादलीत थेंब.
खिडकीतला एसी पोट भरल्यासारखा गप्प.
मग ठक्.
कॉम्प्रेसर उठला,
ट्यूबलाइटनं पापणी लववली,
नि बाण जागच्या जागी.

उठवलं सगळ्यांना.
जुलै महिना, पत्र्याची खोली, पाच माणसं,
तासभर एसी बंद ठेवा, हे
मी तीन भाषांत सांगितलं नि चौथीत शिवी खाल्ली.
राजय्या उठला. बटण त्यानंच बंद केलं.

वीस टक्के. बनियन उतरले.
पस्तीस. डबा तापला,
आतला पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकतोय.
वर्गीसनं बरण्यांचा खोका फाडला
नि पुठ्ठ्यानं वारा घालू लागला,
स्वतःला नाही, त्याला.
मग पाळ्या लागल्या, दहा-दहा मिनिटांच्या.
विकून टाक म्हणणारा तुंगेकर
आपली पाळी संपली तरी पुठ्ठा सोडेना.

साठ.
एकसष्ट.
राजय्याच्या नाकाच्या शेंड्यावर घाम लोंबत होता,
बोर्डावर पडेल म्हणून मी खाली तळहात धरला.
एकसष्ट.
एकसष्ट.
थेंब पडला हातावर.
बासष्ट.

पुढचे टक्के कुणी धड मोजले नाहीत.
सगळं झाल्यावर पडद्यानं विचारलं,
या यंत्राला काय नाव द्यायचं.
मी सतरा टाकलं. कुणी का म्हणून विचारलं नाही.

एसी लावू?
"आधी लिही," राजय्या म्हणाला,
बटणापाशी उभा, ओलाचिंब.
कोरं पान उघडलं.
राजय्या. जून. अकरा तास.
सेव्ह केलं. पुन्हा एकदा केलं.
मान हलवली.

ठक्.