चमच्यांवरची नावं

गॅरेजमागे, जिथे डेल्मरचा मोडका ट्रक उभा असायचा,
तिथे आता टोमॅटोची अकरा रोपं.
खाणी मिटल्या, ट्रक भंगारात गेला.
मातीला अजून तेलाचा वास येतो, म्हणते वर्ना,
टोमॅटोला नाही येत.

एक काळपट, मार बसलेल्या गुडघ्यासारखा.
एक पिवळा, आत तांबड्या रेघा फुटलेला.
एक पिकला तरी हिरवाच.
शेजारचा टकर विचारतो, "मग कळतं कसं?"
"बोटाला कळतं."

नावं जुन्या चमच्यांवर ठोकलेली,
चमचे बुंध्याशी खोचलेले.
जुलैत डोंगरावरून लोंढा आला,
एक चमचा गेला.
आता हा कोण,
खांद्यावर भेगा, बुडाशी वाकडा,
केंटकीतल्या कुठल्याच दुकानात न खपणारा?

वर्ना उभ्याउभ्याच फोड कापते,
मीठ लावते, डोळे मिटते.
"सासूबाई," म्हणते,
"शेवटपर्यंत आंबट."
आणि दुसरी फोड घेते.

बिया मात्र आंबवून, धुऊन
विजेच्या बिलावर पसरते वाळायला.
चिकटतात कागदाला. चिकटू देत.
मार्चमध्ये ती कागदासकटच पेरेल,
थकबाकी, शेवटची तारीख,
आणि बिलावर अजून तसंच छापून येणारं
डेल्मरचं नाव.