बांबूच्या जाळ्या

सिन्चूत वारा फुकट मिळतो,
बाकी सगळ्याला भाव असतो.
सकाळी आमच्या दलालीच्या हॉलचं शटर वर जातं
आणि भिंतभर आकडे जागे होतात.
इथे चढलं की लाल, पडलं की हिरवं;
बाहेरदेशचा कुणी आला तर पहिल्या दिवशी
हमखास चुकीच्या वेळी हसतो.

फान यू-लान तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून.
मांडीवर पत्र्याचा डबा, भात आणि मुरवलेला मुळा.
बारा वाजले, बाजार मिटला, की मगच झाकण निघायचं.
तिचा तांदळाच्या शेवयांचा कारखाना.
कारखाना म्हणजे ती, तिची नणंद
आणि अंगणातल्या अकरा जाळ्या.
शेवया वाळायला, ती म्हणे,
चार आणे ऊन लागतं, बारा आणे वारा.

नव्व्याण्णव सालचा डिसेंबर. भूकंपाला तीन महिने झालेले,
हॉलच्या भिंतीतली चीर अजून तशीच,
आणि जो तो एकच बोलत होता: इंटरनेट वाढणार.
निवृत्त चुंग मास्तर हजेरी घ्यावी तशी यादी वाचत:
मॉडेमवाले, राउटरवाले, चिपवाले,
आणि ती एक कंपनी, जी परवापर्यंत छत्र्या करायची
आणि नावात एक टिंब घालून दुप्पट झाली होती.
मी स्वतः इंटरनेट तोवर दोनदाच पाहिलं होतं;
दोन्ही वेळा ते उघडत होतं.

यू-लान माझ्या खिडकीशी आली.
"पोरा, याला खायला काय लागतं?"
"तारा, मावशी. डबे, चिपा, वीज."
"आणि वारा?"
"वारा नाही लागत."
"मग ते या गावात कशाला आलं?"

मग तिने विणकराची गोष्ट सांगितली.
तिच्या लहानपणी सगळी गल्लीच शेवया करू लागली,
कुणाच्या विकल्या, कुणाच्या कुजल्या;
पण घराला दुसरा मजला चढला तो एकट्या आ-तेंगचा,
जो शेवया खायचासुद्धा नाही.
तो जाळ्या विणायचा.
"तर जाळ्या विणणारा कोण आहे, तेवढं दाखव."

मी दाखवला. तारेच्या टोकाला बसणारी
नखाएवढी प्लास्टिकची खुंटी करणारी कंपनी.
तिने खुंटी हातात मागितली. माझ्याकडे नव्हती.
मी फोनची तार उपटून टोक दाखवलं.
तिने ते दाताखाली धरून पाहिलं
आणि तीन ताव घेतले, ब्याण्णवच्या भावाने.
(आमच्याकडे हजार शेअरचा एक ताव.)

फेब्रुवारीत भिंत लालेलाल.
मास्तरांनी सगळ्यांना पपईचं दूध पाजलं.
यू-लानने नवी चप्पल घेतली आणि
हॉलमध्ये येताना ती हातात धरून आली, भिजेल म्हणून.

पुढचं काय सांगू. भिंत हिरवी झाली,
महिनोन्‌महिने हिरवी, लावणी झाल्यासारखी.
छत्रीवाल्यांचं नाव बोर्डावरून पुसलं गेलं.
मास्तर येईनासे झाले; त्यांच्या खुर्चीवर
आम्ही जुनी वर्तमानपत्रं ठेवायला लागलो.

ऑक्टोबरात ती खिडकीशी आली. भाव एकतीस.
"आ-तेंगचं पुढे काय झालं ते मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.
"सगळ्यांकडे जाळ्या झाल्यावरही तो विणत राहिला.
आणखी तीनशे. बांबू काय, दहा वर्षं टिकतो.
शेवटी त्यांचं कुंपण केलं.
त्याच्या कोंबड्यांइतकी ऐसपैस कोंबडी मी पाहिली नाही."

"मावशी, हे ठाऊक होतं तर घेतलेत कशाला?"

"अर्धी गोष्ट छान होती रे."

दोन ताव विकायची चिठ्ठी मी भरली.
तिसऱ्याचं विचारलं, तर म्हणाली, राहू दे.
कोंबड्या लागतातच घरात.

इतक्यात दाराचा पडदा आत उडाला,
टेबलावरच्या चिठ्ठ्या जमिनीवर,
मोसमातला पहिला सणसणीत वारा.
ती तशीच वळली, "नणंद एकटी आहे" म्हणत,
चपला फटफट वाजवत, निघालीसुद्धा.

बारा वाजले. बोर्ड विझला.
तिसऱ्या रांगेत खांबाजवळ डबा,
झाकण न काढलेला, अजून कोमट.