एका चौकात एकदाच

पहाटे तीनपर्यंत चौतीस ग्रुपांत टाकला
तोच फोटो, तीच ओळ:
कांदा-लसूण मसाला, घरचा, पाव किलोपासून पुढं.
पस्तिसाव्याला फोन म्हणाला, थोडं थांबा,
तुम्ही हे फार वेगानं करताय.

वेगानं?
संकेश्वरी नि ब्याडगी दोन दिवस गच्चीवर,
देठं खुडून बोटं अजून पेटलेली,
डंकावर पाच तास नंबर लावून बसले,
आणि वेगानं म्हणे.

इंद्रजित आला, बशीत चहा ओतत बोलला,
मावशी, दिवसाला एक. लईच झालं तर दोन.
मधी चार-पाच तास जाऊ देत.
आणि शब्द बदलत जा की,
तेच तेच दिसलं की मशीनला वाटतं
हे पण मशीनच हाय.
नेमका आकडा किती रे?
त्यो कुणाला सांगत न्हाईत.
वलांडला की कळतंय.

दस्तगीरमामूंची रिक्षा आठवली.
टपावर भोंगा, खासबागेतल्या कुस्त्यांचा पुकारा:
गंगावेशीत एकदा,
पापाच्या तिकटीला एकदा,
बिंदू चौकात इंजिन बंद करून, खाकरून, एकदा.
मी शेजारी बसलेली, सात-आठ वर्षांची,
माईकच्या वायरशी खेळत.
मामू, अजून एकदा म्हणा की.
"ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं, बेटा.
बाकीच्याच्या कानात दोनदा गेलं
तर तो खिडकी लावून घेतो.
मग सर्कस आली तरी उघडत नाही."
आणि किक मारायचे.

हे इंद्रजितला सांगितलं नाही.
त्यानं लगेच त्याचं कोष्टक केलं असतं.

चोवीस तास फोन मुका.
मी ताटात मसाला पसरला, गुठळ्या मोडल्या,
पिशव्या मेणबत्तीवर चिकटवत बसले.
चार वाजता खालच्या मजल्यावरच्या कुंभारवहिनी
शिंकत शिंकत जिना चढून आल्या.
"कवा कुटलासा? सांगायचं न्हाई व्हय?
मला अर्धा किलो ठेवा."
पदरानं नाक पुसत पैसेही दिले,
सुट्टे नव्हते, तीस रुपये माझ्याकडंच राहिले.

उद्या अकराला एकच ओळ टाकायची.
दुपारपासून शोधतेय.
"घरचा" आधी खोडला,
सगळ्यांचाच घरचा असतो.
"झणझणीत" खोडला.
आता पाटी कोरी, नि तळहात जळतायत.
वहिनींच्या शिंकेला
काय म्हणायचं लिहिताना?